बेथल ग्रोव्हच्या खिडक्यांचे पडदे

कोलंबिया, साउथ कॅरोलायना
२ ऑक्टोबर १९५०

ती. मावशीस,
थॅडियसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि उकडलेल्या शेंगांची पिशवी दोन्ही पोचलं. पत्र मी वाचलं, शेंगा मि. बेल्टननी खाल्ल्या. आमच्या कचेरीत वकिली मी शिकतो आणि चरायचं काम साहेब करतात. पुढच्या वेळी दोन पिशव्या पाठव, एकीवर माझं नाव लिही.

आता कामाचं. आपला दावा कोर्टात उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापला पुरावा एकमेकांना दाखवायचा असतो. आयत्या वेळी बाहीतून पत्ता काढायचा नाही, असा नियम आहे. आम्ही शाळा मंडळाकडे गोऱ्यांच्या शाळेवर किती खर्च होतो आणि आपल्या काळ्या मुलांच्या शाळेवर किती, त्याचे कागद मागितलेत. त्यांना आपल्या साक्षीदारांना शपथेवर प्रश्न विचारायचेत. शिवाय दोघांनीही एकमेकांच्या शाळा बघायच्या आणि फोटो काढायचे असं ठरलंय. आम्ही त्यांच्या विटांच्या शाळेत जाऊ. त्यांचे वकील मि. टॉमलिन येत्या एकोणीस तारखेला फोटोग्राफर घेऊन तुझ्या बेथल ग्रोव्हला येतील.

तू मुख्याध्यापिका, तेव्हा तूच त्यांना फिरव. काही लपवू नकोस, प्रत्येक दार उघडून दाखव. त्यांनी सगळं बघायलाच हवं, त्यातच आपलं हित आहे.

इझ्रा ड्यूबोज कसा आहे? दाव्यावर सही केली म्हणून लाकडाच्या गिरणीतून काढलं त्याला, हे कळल्यापासून घास गोड लागत नाही. त्याच्या पोरीच्या, अर्लीनच्या पायाची जखम भरली का? त्याला सांग, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय.

खोकल्याचं औषध घेत जा. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे, जास्त मागत नाही.

तुझा
थॅडियस

*

बेथल ग्रोव्ह
२१ ऑक्टोबर १९५०

चि. थॅडियस यास,
ऑझेलामावशीचे अ. उ. आ.

अरे, काय सांगू तुला! तुझे ते पाहुणे येऊन गेले आणि आपल्या शाळेनं असं काही नाक वर ठेवलं म्हणतोस!

तुझं पत्र आलं त्याच रविवारी मी चर्चमध्ये उठून उभी राहिले. सांगितलं, गोरे लोक शाळा बघायला येताहेत, फोटो काढणार आहेत, आता बघा काय ते. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्या बायकांना दुसरं काय सांगावं लागतं? शनिवारी सगळ्याजणी पदर खोचल्यासारख्या एप्रनं बांधून हजर. दाव्यावर ज्यांनी सही केली नाही, त्याही आल्या. दावा वेगळा आणि शाळेची अब्रू वेगळी, असं त्यांचं म्हणणं. भिंतींना चुना मारला. संडासांनासुद्धा मारला आणि पुढे झेंडूच्या कुंड्या ठेवल्या. चर्चचा पियानो डीकन एमोसनी खेचराच्या गाडीवर आणला, वाटेत एक सूर कायमचा गेला. जमिनीला जिथे भोक पडलंय आणि अर्लीनचा पाय गेला होता, तिथे त्यांच्याच घरचा गालिचा घातला. मोडकी बाकं मागच्या झाडीत टाकून दिली आणि टोबायसनं त्याच्या अंत्यविधीच्या दुकानातल्या घडीच्या खुर्च्या आणल्या. मुलं आधी बसायलाच तयार नव्हती, मेलेल्यांच्या खुर्च्या म्हणून. शेगडी माझ्या घरची. पुस्तकं ज्याच्या त्याच्या घरची. आणि ज्या खिडक्यांना काचांऐवजी पुठ्ठे लावलेत ना, तिथे एकीनं लेसचे पडदे आणून लावले. मी इतके सुंदर पडदे फक्त दुरून पाहिलेत.

मि. टॉमलिन सगळीकडे फिरले. तू म्हणालास तसं मी प्रत्येक दार उघडलं. मुलांनी गाणं म्हटलं. आणि थॅडियस, वर्गात शिरताना त्या माणसानं हॅट काढली. इतकी वर्षं शाळांचा सुपरिंटेंडंट येतो, टोपीला हात लावत नाही. हे म्हणाले की, फार नीटनेटकी शाळा आहे, तुम्हाला अभिमान वाटायला हवा. मी म्हटलं, वाटतोच.

तुझी आई असती तर आज नाचली असती. फोटो मिळाले की एक मला पाठव. आणि बेल्टनसाहेबांना सांग, शेंगा शहाण्या माणसानं सावकाश खाव्यात.

आशीर्वाद रोजचेच, आज जरा मूठभर जास्त.

ऑझेलामावशी

*

कोलंबिया
२५ ऑक्टोबर १९५०

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, काय केलंस हे!

फोटोंच्या प्रती काल आल्या. मि. बेल्टननी एकेक टेबलावर मांडला आणि मग नुसते डोकं धरून बसले. शाळा इतकी सुरेख आलीय की मलाच परत तिथे नाव घालावंसं वाटलं. त्या शाळेत मी कोटाच्या आत वर्तमानपत्रं कोंबून हिवाळे काढलेत, मावशी! आमचा सगळा दावा काय आहे? की गोऱ्यांच्या मुलांना बस, वर्ग गरम ठेवायला वाफेच्या नळ्या, काचेच्या खिडक्या, आणि आपल्या मुलांना गळकं छप्पर. आणि आता त्यांच्या हातात पियानो आहे, गालिचा आहे, लेसचे पडदे आहेत. मि. टॉमलिन न्यायाधीशांना म्हणतील, बघा, यांना कशाची कमतरता आहे?

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे घरात ठीक. कोर्टात मूठ उघडून रिकामी दाखवावी लागते.

आता आपण नवे फोटो काढावेत म्हटलं तर मंडळानं परवानगीशिवाय आवारात कॅमेरा न्यायची बंदी घातलीय. चोरून काढले तरी म्हणतील की काचा तुम्हीच फोडल्यात. एकच वाट उरते. नऊ नोव्हेंबरला ते तुझी साक्ष नोंदवणार आहेत. लघुलेखक असेल, शपथ असेल. तेव्हा एकेक फोटो समोर ठेवून तू सांगायचंस की हे शाळेचं नाही, हे मागून आणलंय, आणि याच्या खाली असं असं आहे. पण तू तसं म्हणालीस की ते लगेच विचारणार, कुणाकडून आणलं? आणि नाव सांगावं लागेल. नावाशिवाय ते तुझं काही खरं धरू देणार नाहीत.

रागाच्या भरात बोललो. चूक तुझी नाही, माझी आहे. जिनं मला दाताच्या डॉक्टरकडे नेतानासुद्धा नवा शर्ट घातला, तिला मी लिहितो की पाहुणे येणार आहेत, आणि झाडू नकोस एवढं लिहायचं विसरतो. मोठा वकील!

रागावली असशील तर रागाव, पण उत्तर लिही.

तुझाच
थॅडियस

*

बेथल ग्रोव्ह
३ नोव्हेंबर १९५०

चि. थॅडियस यास,
अ. आ.

उत्तम हा शब्द आज गाळलाय, लक्षात आलं असेल.

तुझं पत्र मी दोन दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. मला कळत नव्हतं असं नाही रे. शाळा कशी आहे हे मला कळत नाही होय? रोज सकाळी तिथे चूल मीच पेटवते. पण तुला म्हणून सांगते, परक्या माणसासमोर आपली लेकरं फाटक्या जागेत बसलेली दाखवायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आयुष्यभर झाकायला शिकले, झाकायला शिकवलं. तुम्ही शिकलेले लोक एका पत्रात म्हणता, आता उघडा. करायला गेले एक आणि झालं भलतंच. माझ्या हातानं मी इझ्राच्या पोरीच्या वाटेत धोंडा ठेवला, हे काही केल्या मनातून जात नाही.

असो. रडून काय होणार? घरोघर गेले. नाव सांगू का, म्हणून विचारलं. डीकन एमोसची जमीन गोऱ्याची, खंडाने घेतलेली, तरी म्हणाले, सांग, फार तर जमीन काढून घेईल, देव थोडाच काढून घेणार आहे. त्यांच्या बायकोनं तेव्हा त्यांच्याकडे असं पाहिलं की देवाचंही काही खरं नाही. टोबायस हसला. म्हणाला की गोरे माझं काय बिघडवणार, त्यांचा एकही माणूस माझ्याकडे पुरायला येत नाही. पियानो चर्चचा, शेगडी माझी. माझी नोकरी तर गेल्यातच जमा, तिचं काही नाही.

पण पडदे. पडदे जिनं आणले तिच्या घरी गेले तर तिनं आधी दाराला कडी घातली आणि मग सांगितलं. ते तिचे नाहीत, थॅडियस. ती धुणं धुते. एका बड्या घरचे पडदे धुवायला आले होते, तिनं इस्त्री करून एक दिवस आपल्या शाळेला लावले आणि संध्याकाळी घडी घालून परत नेऊन दिले. आणि ते घर शाळा मंडळाच्या अध्यक्षाचं आहे. पडदे त्याच्या बायकोचे. तिनं नुसती लेकरांची हौस केली रे! पण त्या घरात कळलं तर याला हौस म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. नोकरी जाईल ते सोड, शेरीफ दारात येईल. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवणारी ती एकटी. तिनं दाव्यावर सही केलेली नाही. तिला मीच बोलावलं होतं.

इकडे आड, तिकडे विहीर. सांग आता, पडदे माझे म्हणून सांगू? एवढं एकच खोटं. देव समजून घेईल.

आशीर्वाद देते, पण आज मलाच कुणीतरी द्यायला हवेत.

ऑझेलामावशी

*

कोलंबिया
५ नोव्हेंबर १९५०

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तिचं नाव मला लिहिलं नाहीस, बरं केलंस. यापुढेही लिहू नकोस. मला माहीत नसलेलं मला कुणी विचारू शकत नाही.

खोटं नको, मावशी. अध्यक्षाच्या बायकोनं तो फोटो पाहिलाच आणि आपले पडदे ओळखले, तर तू शपथेवर खोटं बोललीस म्हणून तुला उचलतील आणि सगळा दावा बुडेल. गप्प राहिलीस तर मि. टॉमलिन म्हणतील, ही बाई अर्धीच साक्ष देते, तेव्हा हिचं काहीच धरू नका. मग तू गालिच्याबद्दल, पुठ्ठ्यांबद्दल जे सांगशील ते सगळं वाया जाईल आणि फोटो तेवढे उरतील.

म्हणजे नाव सांग, असं वकील म्हणून मला सांगावं लागतं, आणि ते मी सांगून टाकलं. भाचा म्हणून काय सांगू, ते मला सुचत नाही. मि. बेल्टनना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की, तुझ्या मावशीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, तिचं तिला ठरवू दे.

त्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसलेला असेन. बोलता येणार नाही, पण असेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

थॅडियस

*

बेथल ग्रोव्ह
१२ नोव्हेंबर १९५०

चि. थॅडियस यास,
अ. उ. आ.

तू होतास, सगळं पाहिलंस, तरी लिहिते. गाडीची वेळ झाली म्हणून तू निघालास आणि आपलं बोलणंच झालं नाही.

त्या खोलीत एकेक फोटो समोर आला तसं मला वाटलं, स्वतःचंच वस्त्र फेडतेय. हा गालिचा एमोसचा, याच्या खाली भोक आहे, मुलीची पोटरी फाटली होती. या खुर्च्या टोबायसच्या, आमची बाकं झाडीत पडलीत. मी जन्मभर ज्या माणसांसमोर ताठ उभी राहिले, त्यांना सांगितलं की पाऊस आला की आम्ही वर्गात बादल्या मांडतो. मि. टॉमलिन फार सभ्यपणे विचारत होते. तो सभ्यपणाच जास्त लागला. आणि तो लघुलेखक पोरगा, एकदाही मान वर न करता यंत्रावर टकटक टकटक लिहीत होता.

मग तो खिडक्यांचा फोटो. मी म्हटलं की पडद्यांच्या मागे पुठ्ठे आहेत. त्यांनी विचारलं, पडदे कुणाचे? मी म्हटलं, शाळेचे नाहीत. पुन्हा विचारलं, कुणी आणले? मी म्हटलं की मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बेल्टनसाहेबांनी डोळे मिटलेले मला दिसले. मी म्हटलं, साहेब, देवाची शपथ घेतली ती खरं बोलायची घेतली, कुणाला बुडवायची घेतली नाही.

छान बोलले असं तेव्हा क्षणभर वाटलं. घरी येईपर्यंत ते वाटणं संपलं. अर्लीन फाटकाशी उभी होती. तिनं विचारलं, मिस ऑझेला, आपण जिंकलो का? मी म्हटलं, अजून नाही गं.

काय व्हायचं ते लवकर कळव. वाट बघण्यापेक्षा वाईट बातमी बरी.

तुझी
ऑझेलामावशी

*

कोलंबिया
१ डिसेंबर १९५०

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

न्यायाधीशांनी तुझी साक्ष काढून टाकली. फोटो ठेवले.

मि. बेल्टन दोन दिवस विचार करत होते. शेवटी त्यांनी बेथल ग्रोव्ह दाव्यातून वगळायचं ठरवलं. एका शाळेचे असे फोटो न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे राहिले तर ते बाकीच्या शाळांनाही घेऊन बुडतील, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही ते. दावा पुढे चालेल, पण नदीपलीकडच्या दोन शाळांचा. तिथली मुलं जिंकली तर त्यांना बस मिळेल, इमारत मिळेल. आपल्या मुलांचं नाव त्यात नाही. इझ्राचं नावही आपोआप गेलं.

ज्या मुलीच्या पायासाठी हे सुरू झालं, तीच बाहेर राहिली. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. तुझी नाही, एवढं मात्र नक्की वाचून घे. इझ्राला मी लिहिणार होतो. तीनदा कागद घेतला. तू सांगशील का? तुझ्यावर आणखी एक ओझं टाकतोय, कळतं मला.

नाताळला मी येतो. स्वयंपाक काही करू नकोस, नुसती बस माझ्याजवळ.

लेकरू समजून लोभ ठेव.

थॅडियस

*

बेथल ग्रोव्ह
१७ डिसेंबर १९५०

चि. थॅडियस यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाहीये. टोबायस शवपेट्या आणायला कोलंबियाला येतोय, त्याच्या हाती देते. वाच आणि चुलीत घाल.

इझ्राला मी सांगितलं. अंगणात लाकडं फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं की, ते नाव तुम्ही सांगितलं असतं तर माझी पोर दाव्यात राहिली असती का? मी म्हटलं, हो, राहिली असती. म्हणाला, ते माणूस आपल्यातलंच आहे ना? मी म्हटलं, हो. मग त्यानं कुऱ्हाड उचलली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही. चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तो पार दाराशी जाऊन बसायला लागला. मी त्याला दोष देत नाही. त्यानं नोकरी घालवली, ती आमच्या भरवशावर. इथे आता त्याला कुणी काम देत नाही, दावाही नाही. म्हणून बायकोचा भाऊ फिलाडेल्फियात आहे, तिकडे जायचं ठरवलं.

काल ते गेले. निम्मं गाव स्टेशनवर होतं. मी लांब उभी राहणार होते, पण अर्लीननं हात धरून पुढे नेलं. ती सांगू लागली, तिकडच्या शाळेत म्हणे वर्गात गरम पाण्याच्या नळ्या आहेत. मी म्हटलं, मग कोट काढून बसत जा, नाहीतर भाजशील. हसली पोर. तिला जवळ घेतलं आणि तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

आणि हॅटी गेलार्ड आली. पडदे हॅटीचेच, म्हणजे हॅटीनेच आणले होते, हे आता तुला सांगते. कोंबडी तळून, मक्याची भाकर घालून बुटांच्या खोक्यात वाटेचं जेवण बांधून आणलं होतं तिनं, गाडीत आपल्या माणसांना कोण नीट वाढतंय म्हणून. नवऱ्याच्या औषधातून उरवून केलं असणार. ती खोका इझ्राच्या हातात देऊनही सोडेचना, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तिचे हात धरले. सगळ्यांदेखत म्हणाला, हॅटी, तू सही केली नाहीस तरी तोंडावर सांगून केली नाहीस, आत एक बाहेर एक असं तुझं नाही. या गावात सरळ माणूस म्हणून मी तुझंच नाव घेईन. आणि ज्यानं कुणी गप्प बसून माझ्या पोरीची शाळा घालवली, त्याला देव बघून घेईल.

हॅटीनं तोंड उघडलं. मला दिसलं, ती सांगणार होती. खरंच सांगणार होती, थॅडियस. मी तिच्या दंडाला इतक्या जोरानं चिमटा काढला की ती कळवळली. लोकांना वाटलं, रडू फुटलं. इझ्रानं तिच्या पाठीवर थोपटलं, तिला म्हणाला, देव तुझं भलं करो, आणि माझ्याकडे न बघता गाडीत चढला.

आम्ही दोघी चालत परत आलो. फाटकाशी तिनं विचारलं, मिस ऑझेला, मला का थांबवलंत? मी म्हटलं की, त्याला वाटेत जेवू दे गं, हॅटी.

नाताळला ये. स्वयंपाक मी करणारच.

तुझी, आहे तशी,
ऑझेलामावशी